नवी आहे, मग दुरुस्ती कशाला?

संपादकांनी यंदा ‘अस्सल आणि नक्कल’ हा विषय दिला, तेव्हा चित्रं, पैठण्या आणि दागिने यांवर लिहिणारे आधीच ठरलेले होते. मी इलेक्ट्रिक गिटार मागून घेतली. जिची इतक्या उघडपणे नक्कल झाली आणि त्या नकलांमधूनही इतकं चांगलं संगीत निघालं, अशी दुसरी वस्तू मला ठाऊक नाही.

त्यासाठी कासारसाई गाठायचं ठरलं. हिंजवडीच्या आयटी पार्कातून नेऱ्याच्या बाजूने आलं की काचेच्या इमारती मागे पडतात आणि मुळशीची भातखाचरं सुरू होतात. एका अंगाला धरण, दुसऱ्या अंगाला श्री संत तुकाराम सहकारी साखर कारखाना, आणि मधल्या पट्ट्यात नव्या सोसायट्यांचे फलक. हिंजवडीत नोकरी करणारा एक तरुण अभियंता इथे जुन्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहतो आणि सुट्टीच्या दिवशी गिटारी लावून देतो. नाव छापू नका, असं त्याने सांगितलं. गावातली मुलं त्याला दादा म्हणतात, मीही तेच म्हणेन.

मी पोचलो तेव्हा आषाढातला पाऊस धरून बसला होता. टेबलावर जुनी चादर, चादरीवर मलईच्या रंगाची गिटार. तिची मालकीण गावातलीच, चिंचवडच्या कॉलेजात शिकणारी मुलगी. सोबत तिचे वडील. गाळप हंगामात त्यांचा ट्रॅक्टर ऊस वाहतो, पावसाळ्यात शेतात असतो. गिटार मे महिन्यात घेतलेली, म्हणजे अजून पुरती नवी. वडिलांनी आल्या आल्या विचारलं, “नवी हाय ना? मग दुरुस्ती कशाला?”

“काका, दुरुस्ती नाही ही,” दादा म्हणाला. “कारखान्यात हिचं निम्मंच काम झालंय. उरलेलं इथं करायचंय.”

हे ‘उरलेलं निम्मं’ काय असतं, ते समजून घ्यायला मी पुन्हा पुन्हा त्या खोलीत जात राहिलो.

नक्कल होण्यासाठीच जन्मलेली

टेबलावरची गिटार स्ट्रॅटोकास्टरची प्रतिकृती होती. मूळ स्ट्रॅटोकास्टर १९५४ साली बाजारात आली. ती करणारा लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. वाजवणारे त्याच्याकडे तक्रारी घेऊन येत आणि तो त्या तक्रारी एखाद्या बिघडलेल्या रेडिओसारख्या सोडवत बसे. म्हणून त्याने गिटारीची मान, म्हणजे नेक, सरसाने चिकटवली नाही. चार स्क्रूंनी बसवली. नेक खराब झाली तर काढा आणि दुसरी लावा. लाकडी अंग साच्यावरून कापायचं, तारांखालची सगळी वीजजोडणी एकाच प्लास्टिकच्या पत्र्यावर बांधायची आणि तो पत्रा अंगावर स्क्रूने बसवायचा. कुणा एका उस्तादाच्या हातावर काहीच अवलंबून ठेवायचं नाही.

मला यातली ही गोष्ट फार मोलाची वाटते. ज्या वाद्याला आज आपण ‘अस्सल’ म्हणून डोक्यावर घेतो, त्याची रचनाच मुळात हुबेहूब दुसरं करता यावं अशी होती. पहिली स्ट्रॅटोकास्टर आणि हजारावी यांत जे नातं, तेच पुढे फुलर्टनची आणि इंडोनेशियाची यांत जोडता येतं. साचा, लाकूड आणि हात नेटके हवेत एवढंच.

गिब्सनची लेस पॉल मात्र वेगळ्या घराण्यातली. १९५२ सालची. महोगनीच्या जाड अंगावर मेपलचा कोरून गोलावलेला थर, नेक सांध्यात बसवून सरसाने कायमची पक्की केलेली, आणि तारा जिथे वळसा घेतात ते डोकं सतरा अंशांनी मागे कललेलं. सेथ लव्हर या इंजिनिअरने काढलेला ‘हंबकर’ पिकअप, म्हणजे तारांचा आवाज पकडणारा भाग, १९५७ पासून तिच्यावर आला. १९५८ ते १९६० दरम्यान केलेल्या, उन्हाच्या रंगछटेतल्या लेस पॉल तेव्हा नीट खपल्यासुद्धा नाहीत. कंपनीने त्या बंद केल्या. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबरच्या रेकॉर्डवर ती वाजवली आणि सगळ्यांना तिची आठवण झाली. आता त्या तीन वर्षांतली एकेक गिटार कोटींच्या भावात जाते. तिची स्वस्त नक्कल करणं अवघड, कारण कोरीवकाम आणि सांधा यांत वेळ जातो, आणि स्वस्त नक्कल पहिल्यांदा कापते ती वेळच.

पण एक गोष्ट उलटीही आहे. मूळ लेस पॉलची मान आणि डोकं एकाच लाकडातून कापलेलं असतं, त्यामुळे वळणावर रेषा आडव्या पडतात आणि गिटार पाठीवर पडली की डोकं तुटतं. जगभरच्या कारागिरांना हा तडा पाठ आहे. कित्येक स्वस्त प्रतिकृतींत डोकं वेगळ्या तुकड्याचं, तिरकस सांध्याने जोडलेलं असतं. जाणकार नाक मुरडतात, पण तिथे ती प्रतिकृती मूळ गिटारीपेक्षा भक्कम असते.

जपानपासून जावापर्यंत

सत्तरच्या दशकात जपानी कारखान्यांनी या दोन्ही गिटारींच्या नकला इतक्या चांगल्या केल्या की मूळ कंपन्या अस्वस्थ झाल्या. तोकाई, ग्रेको, फर्नांडिस, इबानेझ ही त्यातली नावं. अमेरिकेत तेव्हा मूळ कंपन्यांचं स्वतःचंच काम घसरलेलं होतं. १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने इबानेझच्या अमेरिकी वितरकावर खटला भरला. वाद होता तो डोक्याच्या कडेच्या आकारावरून; अंगाच्या आकारावरून नव्हे. तो तडजोडीत मिटला. फेंडरने १९८२ मध्ये वेगळी वाट धरली. जपानमधल्याच कारखान्याकडून आपल्या नावाने गिटारी करून घ्यायला सुरुवात केली आणि ‘स्क्वायर’ हे स्वस्त भावंड जन्माला आलं. गिब्सनच्या घरात तीच जागा एपिफोनची. पुढे काम कोरियात गेलं, मग चीन आणि इंडोनेशियात.

अंगाचे आकार आपल्या एकट्याच्या मालकीचे ठरवून घेण्याचा फेंडरचा प्रयत्न अमेरिकेतल्या ट्रेडमार्क मंडळाने २००९ मध्ये फेटाळला: इतकी वर्षं इतके लोक हा आकार करत आले आहेत की तो एका कंपनीची ओळख उरलेला नाही. डोक्याचा आकार आणि नाव मात्र राखीव राहिलं. म्हणूनच बाजारात हुबेहूब अंगाच्या, पण वेगळ्या डोक्याच्या इतक्या गिटारी दिसतात.

आज आपल्यासमोर तीन तऱ्हा येतात. एक, मूळ घराण्याच्या परवानगीने झालेली, स्क्वायर किंवा एपिफोनसारखी. दुसरी, आकार तोच पण स्वतःचं नाव उघड लावणारी. तिसरी, डोक्यावर ‘गिब्सन’ किंवा ‘फेंडर’ लिहून फसवणारी. पहिल्या दोन प्रतिकृती, तिसरी बनावट. वाजवणाऱ्यांनी चिनी बनावट गिब्सनला ‘चिब्सन’ असं नावही ठेवलं आहे. ओळखायची एक सोपी खूण म्हणजे डोक्यावरचं ट्रस रॉडचं, म्हणजे नेकमधल्या सळईचं, झाकण. गिब्सनचं दोन स्क्रूंचं असतं. बनावट गिटारींवर बऱ्याचदा तीन दिसतात.

आपल्या देशात गेल्या पिढीला यातलं काहीच सहज मिळत नव्हतं. मुंबईत धोबी तलावाला फुर्टाडोजचं १८६५ पासूनचं दुकान होतं, चित्रपटाच्या ध्वनिमुद्रणांत गोव्याचे वादक होते, १९७१ च्या ‘हरे रामा हरे कृष्णा’मध्ये भूपिंदर सिंग यांची गिटार घरोघरी पोचली होती. पण आयातीवर बंधनं होती. गावोगावच्या ऑर्केस्ट्रांनी काम भागवलं ते कोलकात्याच्या गिव्हसन, होबनर अशा देशी गिटारींवर. त्यांची नेक पुढे पुढे धनुष्यासारखी वाकायची आणि बाराव्या फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या तारेच्या, पुढे बोटं रक्ताळायची. त्या पिढीने ज्या वाद्यांवर हात तयार केला, त्यांच्याशी तुलना केली तर कासारसाईतल्या मुलीच्या हातातली गिटार हे ऐश्वर्य आहे.

दुकानात काय पाहायचं

मे महिन्यातली खरेदी मी पाहिली नव्हती. दादा आणि ती मुलगी, दोघांनी एकमेकांचं बोलणं तोडत ती मला सांगितली. मग मी दादाबरोबर पुण्यातल्या एका दुकानात जाऊन तेच सगळं डोळ्यांनी पाहिलं.

त्याचा नियम असा: जे नंतर बदलता येत नाही ते दुकानात पाहायचं, जे बदलता येतं त्यावर जीव टाकायचा नाही. गिऱ्हाईक नेमकं उलट करतं. रंग पाहतं, अ‍ॅम्प्लिफायरला जोडून जोरात वाजवतं, आवाज ‘भारी’ वाटला की पैसे देतं. आवाज देणारे पिकअप, खुंट्या, स्विच, पॉट हे सगळं पुढे बदलता येतं. नेक तशी सहज बदलता येत नाही. चार स्क्रूंची असली तरी चांगली नवी नेक घ्यायला गेलं तर गिटारीच्या किमतीचा मोठा वाटा तिथेच जातो.

म्हणून तो गिटार हातात घेतो ती आधी न जोडताच. डोक्याकडून अंगाकडे, बंदुकीवर नेम धरतात तसा एक डोळा मिटून नेकच्या कडेवरून पाहतो. दोन्ही कडा सारख्या धावतात की एक पिळलेली आहे? थोडा बाक असला तर तो काढता येतो. पीळ काढता येत नाही. पीळ दिसला की ती गिटार खाली. मग पहिली आणि सहावी तार नेकच्या दोन्ही कडांपासून सारख्या अंतरावर आहेत ना, ते पाहतो. नसतील तर नेक खोबणीत तिरकी बसली आहे. खोबणीच्या फटीत कागद कितपत शिरतो ते पाहतो. त्यानंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून एकेक सूर. सहा तारा, एकवीस-बावीस फ्रेट, म्हणजे सव्वाशेच्या वर सूर. दुकानातला मुलगा कंटाळतो. त्याला कंटाळू द्यायचं. एखाद्याच सुरावर खरखर आली तर एखादी फ्रेट उंच आहे. सगळीकडेच खरखर असेल तर काळजी नाही, ती सेटअपने, म्हणजे लावणीने, जाते.

त्याच मॉडेलच्या, त्याच रंगाच्या तीन गिटारी काढून घ्यायला तो लाजत नाही. साच्यातून निघाल्या तरी लाकूड वेगळं, वजन वेगळं. गिटार न जोडता, तिचं अंग छातीला लावून वाजवलं की एखादी जास्त थरथरते. तीच घ्यावी असा त्याचा आग्रह असतो, आणि तो मला पटला. मुलीच्या वेळी दोघींत निवड होती. एक चकचकीत लाल, दुसरी मलईच्या रंगाची; लालच्या नेकला पंधराव्या फ्रेटच्या आसपास हलकी उठण होती. मुलगी रडकुंडीला आली होती, पण मलईच्या रंगाची घेतली.

शिसवीची पट्टी

तिच्या गिटारीच्या नेकवर गडद तपकिरी पट्टी होती, तिच्यावरच फ्रेट ठोकलेल्या असतात. जुन्या स्ट्रॅटोकास्टरवर सुरुवातीला मेपलच होतं, १९५९ पासून शिसवीची पट्टी आली. आधी ब्राझीलची, मग ती दुर्मीळ होत गेली तशी साठच्या दशकातच भारतीय शिसवी. आपल्या सह्याद्रीच्या पानझडी जंगलांत ज्याला शिसव म्हणतात, तेच हे झाड. जगभरच्या नामवंत गिटारींच्या पाठीत आणि पट्ट्यांत आपल्याकडचं लाकूड आहे, हे मला त्या खोलीत बसून पहिल्यांदा नीट उमगलं.

२०१७ च्या जानेवारीत शिसवीच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले. एका रात्रीत शिसवीच्या प्रत्येक गिटारीला कागदपत्रं लागू लागली. कंपन्यांनी पाऊ फेरो, लॉरेल अशी दुसरी लाकडं शोधली. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली. त्यामुळे दुकानात एकाच मॉडेलवर वर्षानुसार वेगवेगळी पट्टी दिसते आणि गिऱ्हाईक गोंधळतं. दादाचं मत: रंग कोणताही असो, कोरडी पडली तर तेलाचा हात द्या. वाजवताना फरक बोटांना फारसा कळत नाही, डोळ्यांना कळतो.

पट्टी कोरडी पडते हे मात्र खरं दुखणं आहे. जावातल्या दमट हवेत तयार झालेली गिटार पुण्याच्या मे महिन्यात येते. लाकूड आकसतं, फ्रेटची धातूची तार आकसत नाही. मग पट्टीच्या दोन्ही कडांना फ्रेटची टोकं बाहेर येतात आणि तळवा ओरबाडतात. मुलीच्या अंगठ्याच्या मुळाशी तसा ओरखडा उठलाच होता. ते काम दादाने मेमध्येच उरकलं होतं: पट्टीवर कागदी टेप लावून बारीक कानशीने एकेक टोक तिरपं घासलं, गोल केलं. “पावसात लाकूड फुगतं, टोकं आत जातात, दोष दिसतच नाही,” तो म्हणाला. “उन्हाळ्यात घासलं की बारा महिन्यांचं काम झालं.” बाकीचा सेटअप त्याने मुद्दाम मागे ठेवला, लाकडाला इथल्या हवेची सवय व्हावी म्हणून.

चादरीवरचं काम

आता ते बाकीचं. सगळ्यात आधी जुन्या तारा उतरवून नव्या चढवल्या, ९ ते ४२ जाडीच्या. या आकड्यांचा हिशोब इंचाच्या हजाराव्या भागात असतो. पहिली तार ०.००९ इंचाची. जाडी बदलली की ताण बदलतो आणि ताण बदलला की पुढचं सगळंच, म्हणून पुढे ज्या तारांवर वाजवायचं त्याच चढवून मग मापं घ्यायची.

दुसरं काम नेकच्या बाकाचं. आत पोलादी सळई असते, ट्रस रॉड. तारा नेकला पुढे ओढतात, सळई मागे. अगदी सरळ नेक नको, किंचित बाक हवा, कारण तार मध्यभागी जास्त झुलते. दादाने पहिली आणि शेवटची फ्रेट दाबून धरली आणि मधे, सातव्या-आठव्या फ्रेटवर, तार आणि फ्रेट यांच्यात किती फट राहते ते पाहिलं. पाव मिलिमीटर हवी. साधारण खेळायच्या पत्त्याइतकी. इथे पत्ता सैलसर जात होता. त्याने डोक्याकडच्या भोकात षटकोनी चावी घातली आणि घड्याळाच्या दिशेने पाव वळसा दिला. बस. मग तारा पुन्हा सुरात, मग पुन्हा माप. घाईने अर्धा-पाऊण वळसा देऊन सळई तोडणारे लोक त्याने पाहिले आहेत, आणि ती तुटली की नेक संपली.

खाली ओसरीत घरमालक बाबा बसले होते. ते भजनी मंडळात पखवाज वाजवतात. संध्याकाळी एकादशीचं भजन होतं. त्यांनी परातीत कणीक तिंबली, गोळा पखवाजाच्या डाव्या तोंडावर थापला, एक थाप दिली, कान दिला, थोडी कणीक काढली, पुन्हा थाप. मुलीचे वडील जिन्याच्या पायरीवर उभे राहून ते बघत होते. बाबांचा पखवाज कुणी नादुरुस्त म्हटलं नसतं, तरी दर भजनाआधी हे होतंच. वडील वर आले तेव्हा त्यांनी न सांगता मोबाइलची बॅटरी लावली आणि दादाच्या हाताजवळ उजेड धरला.

तिसरं काम उंचीचं, म्हणजे अ‍ॅक्शनचं. तार फ्रेटपासून किती उंच? फेंडरचं मूळ माप सतराव्या फ्रेटवर सुमारे १.६ मिलिमीटर. कारखान्यातून गिटार येते ती बहुधा याहून उंच, कारण उंच तार खरखरत नाही आणि दुकानातून तक्रार येत नाही. पण शिकणाऱ्याच्या बोटांना तेच छळतं, आणि आपल्यालाच वाजवता येत नाही असं समजून मुलं गिटार माळ्यावर टाकतात. दादाला सगळ्यात जास्त चीड याचीच आहे. ब्रिजवर, म्हणजे अंगावरच्या घोडीवर, प्रत्येक तारेखाली दोन बारीक स्क्रू असतात. ते फिरवत त्याने सहाही तारा उतरवल्या. सरळ ओळीत मात्र नाही. पट्टी आडव्या अंगाने किंचित गोल असते, तारांनी ती गोलाई धरायची. १९५४ च्या मूळ नेकची गोलाई सव्वासात इंच त्रिज्येची होती, म्हणजे बरीच. तिच्यावर तारा फार खाली आणल्या तर तार ओढून मींडेसारखा सूर चढवताना आवाज मधेच मरतो. आजच्या बऱ्याच प्रतिकृती साडेनऊ इंचांची, जास्त सपाट नेक देतात. जुन्या गिटारीचे भक्त त्याला बेइमानी म्हणतात. मला ती सुधारणा वाटते.

चौथं काम नट. डोक्याजवळची पांढरी पट्टी, जिच्या खाचांतून तारा जातात. खाचा उंच असतील तर पहिल्या फ्रेटवर जोर लागतो आणि सूर चढा येतो. मुलगी म्हणत होती की ट्यून केल्यावरही सी मेजर बेसूर लागतो, त्याचं कारण हेच. दुसऱ्या-तिसऱ्या फ्रेटच्या मधे तार दाबली की पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट उरली पाहिजे. दादाने तारेच्या जाडीच्या छोट्या कानशींनी खाचा घासल्या, दोन-तीन घास आणि तपासणी, दोन-तीन घास आणि तपासणी. जास्त घासलं की नट वाया. शेवटी खाचांत पेन्सिलीचं शिसं फिरवलं, म्हणजे तार अडकत नाही. स्ट्रॅटोकास्टर सुरात राहत नाही म्हणून लोक महागड्या खुंट्या बसवतात. दहातल्या आठ वेळा दोष या खाचांत असतो, असं त्याचं म्हणणं.

पाचवं, इंटोनेशन. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तीच फ्रेट दाबून निघणारा सूर जुळायला हवेत. दाबलेला चढा लागला तर तारेखालचा सॅडल मागे न्यायचा, उतरा लागला तर पुढे. हे आधीच्या कामांनंतरच करायचं, कारण आधीचं काहीही बदललं की हे बदलतं. सगळ्यात शेवटी पिकअपची उंची. जवळ आणले की आवाज मोठा होतो, म्हणून लोक जवळ आणतात. पण आतलं चुंबक तारेलाच ओढायला लागतं आणि जाड तारांवर एकाच वेळी दोन सूर ऐकू येतात. दादाने ते खाली घेतले. आवाज जरासा लहान झाला आणि एकदम स्वच्छ.

मिरजेची कानस

हे पाहत असताना मला मिरज आठवत राहिली. तिथली शिकलगार घराणी मूळची शस्त्रांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून ती तंतुवाद्यांकडे वळली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे भोपळा, लाकूड, रंग सगळं झाल्यावरही वाद्य पुरं होत नाही. जवारी काढावी लागते: घोडीचा माथा कानशीने असा घासायचा की तार तिच्यावर सपाट न टेकता हलकी घासत जावी आणि सूर फुलावा. वाजवून वाजवून घोडीला चर पडले की जवारी पुन्हा काढायची. गाणारे आपला तंबोरा कुणाकडून जवारी करून आणला ते सांगतात.

गिटारीत कानस तीच, हेतू उलटा. सतारीत ती थरथर हवी असते, इथे ती घालवायची असते. पण वाद्य आणि त्याची लावणी ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामाला वेगळा कारागीर लागतो, ही समज आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहे. गिटार खोक्यातून येते म्हणून आपण ही समज विसरतो. पुण्यासारख्या शहरात, जिथे २०१० पासून एनएच७ वीकेंडरसारखे मोठे सोहळे झाले, गिटारी विकणारी दुकानं भरपूर झाली. फ्रेट घासून देणारे हात त्या मानाने फारच थोडे आहेत. संगीताच्या शाळांनी वाजवण्याबरोबर एवढं तरी शिकवावं असं मला मनापासून वाटतं.

पन्नास हर्ट्झची गुणगुण

मग अ‍ॅम्प्लिफायर. पण त्याआधी दादाने टेस्टर काढला आणि भिंतीतला सॉकेट तपासला. गिटारीच्या तारा ब्रिजमार्गे अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. घराचं अर्थिंग नीट नसेल आणि अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर करंट थेट वाजवणाऱ्याच्या बोटांत येतो. माइक वेगळ्या जोडणीवर असेल तर ओठांना झटका बसतो. आपल्याकडे तीन भोकांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या भोकामागे तार असेलच असं नाही. मुलीच्या घरी वायरमनकडून ते आधी करून घ्या, असं त्याने वडिलांना दोनदा बजावलं.

जोडल्यावर गुणगुण आली. स्ट्रॅटोकास्टरचे पिकअप एकाच वेटोळ्याचे, ते घरातल्या विजेची कंपनंही पकडतात. अमेरिकेत ती साठ हर्ट्झची, आपल्याकडे पन्नासची, म्हणून आपल्याकडची गुणगुण थोडी खर्जात. सेथ लव्हरच्या हंबकरमध्ये दोन उलटी वेटोळी ती एकमेकांत जिरवतात. या गिटारीतही मधला पिकअप उलटा गुंडाळलेला होता, त्यामुळे स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या खाचेवर ती गेली. बाकीच्या जागांसाठी दादाने बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून आणलेली तांब्याची चिकटपट्टी पत्र्याखालच्या पोकळीत लावली आणि ती अर्थला डाग देऊन जोडली. गुणगुण पुरती गेली नाही, कमी झाली.

मुलीला पिकअपही बदलून हवे होते. मैत्रिणीने सांगितलं होतं की यातले सिरॅमिक चुंबकाचे आहेत, अल्निकोचेच घ्यावेत. दादाने तपासून दाखवलं, तिचे अल्निकोचेच निघाले. तरीही तो म्हणाला, “वर्षभर यावरच वाजव. तुला काय कमी पडतंय ते तुझ्याच कानांनी सांगू दे. तोवर पैसे तारांवर घाल.” दिवाळीनंतर हवा कोरडी पडली की नेक एकदा दाखवायला आण, हेही सांगितलं.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा चादरीवर दुसरी गिटार होती. वाघाच्या पट्ट्यांसारखा मेपल, सोनेरी खुंट्या, डोक्यावर शिंपल्यात बसवलेलं ‘गिब्सन’. हिंजवडीतल्या एका सहकाऱ्याने ती इंटरनेटवरून मागवली होती. ट्रस रॉडच्या झाकणाला तीन स्क्रू. झाकण काढलं तर चावी रॉडवर नुसतीच गरगर फिरे, नेक जागची हलेना. बाक दोन पत्ते सहज आत जातील एवढा. दादाने बराच वेळ तिच्याशी झगडा केला, ब्रिज पार खाली उतरवून पाहिला, तारा हलक्या लावून पाहिल्या. मग तारा उतरवल्या, गिटार पिशवीत घातली आणि मालकाला फोन लावला. पैसे घेणार नाही, म्हणाला. हिच्यात लावण्यासारखं काही नाही. पलीकडून विचारणा झाली की मग विकून टाकू का.

“विक,” दादा म्हणाला, “पण आधी डोक्यावरचं नाव खरवडून काढ.”